कालपर्यंत नव्हता तो ठिपका

दोन चित्रे शेजारीशेजारी छापलेली असतात आणि वर लिहिलेले असते, 'दहा फरक ओळखा'. एकीकडे मांजराला मिशी नसते, दुसरीकडे खिडकीचा एक गज कमी असतो. हे कोडे तुम्ही कितीतरी वेळा सोडवले असेल. आता समजा, त्या चित्रांत मांजर नाही, खिडकी नाही. आहेत नुसते ठिपके. मध्ये एक धुरकट भोवरा आणि आजूबाजूला शेकडो पांढरे ठिपके. फरक दहा नाहीत, फार तर एक. आणि बहुतेक वेळा तोही नाही! असे कोडे रोज रात्री, वर्षानुवर्षे सोडवत बसायला सांगितले, तर बसाल?

जपानमधले कोइची इतागाकी नावाचे गृहस्थ असे बसतात. यामागाता नावाच्या गावी त्यांची स्वतःची वेधशाळा आहे. ते काही कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हेत, हौशी आकाशनिरीक्षक आहेत. रात्री दुर्बिणीने एकामागून एक दीर्घिकांचे फोटो घ्यायचे, जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे, आणि 'काल नव्हता, आज आहे' असा ठिपका शोधायचा, हा त्यांचा उद्योग. या उद्योगातून त्यांनी दीडशेहून अधिक सुपरनोव्हा शोधले आहेत.

१९ मे २०२३ च्या रात्री (आपल्याकडे अकरा वाजत आले होते, जपानमध्ये तर अडीच) त्यांना असाच एक ठिपका सापडला. पण या वेळची दीर्घिका कुठली आडवळणाची नव्हती. ती होती एम १०१, सप्तर्षींच्या शेपटीजवळची. जगभरचे हौशी लोक उन्हाळ्यात जिचे फोटो काढतात ती! म्हणजे भर चौकात कुणीतरी नवीन दुकान थाटावे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी पहिल्यांदा एकाच्याच लक्षात यावे, तसे झाले.

ती बातमी दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, माझ्यापर्यंत पोचली. एका आकाशवेड्या मित्राचा फोन आला. "अरे, एम १०१ मध्ये सुपरनोव्हा! दुर्बीण बाहेर काढ."

मे महिन्याची सुट्टी होती. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी भाची आणि भाचा आले होते. भाची नववीत जाणार होती, तिचा भाऊ सहावीत. घरात आंब्यांचा ढीग, गच्चीवर वाळवण, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेली माझी ८ इंची आरशाची दुर्बीण. तिची बैठक लाकडी आहे, गावच्या सुतारानेच करून दिली. दिसायला ती एखाद्या तोफेसारखी दिसते, त्यामुळे भाचा तिला 'तोफ'च म्हणतो.

"मामा, सुपरनोव्हा म्हणजे नवा तारा ना?" भाच्याने विचारले.

"उलट! म्हणजे जुना तारा, मरताना."

हे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग लवकर बघायला पाहिजे."

त्याचे बरोबर होते. पण त्याला वाटले त्याहून घाई जास्त होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे दुपारनंतर वळवाचे ढग चढायला लागतात. जून लागला की पाऊस. चंद्रही वाट पाहणार नव्हता. १९ मेला अमावास्या झाली होती, म्हणजे आठ-दहा काळोख्या रात्री मिळणार, मग आकाश चांदण्याने धुऊन निघणार. त्यात ही दीर्घिका म्हणजे अत्यंत लाजाळू.

लाजाळू का, ते सांगतो. एम १०१ ही सर्पिल दीर्घिका आहे, म्हणजे भिरभिऱ्यासारखे हात फाकलेली. आपण तिच्याकडे बरोबर वरून पाहतो, ताटात पाहावे तसे. फोटोत ती फार देखणी दिसते. तिचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला, तर लहानशा द्विनेत्रीतूनही ती सहज दिसेल. पण तो प्रकाश पसरला आहे जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेवर. चमचाभर तूप एका भाकरीवर घातले तर भाकरी चकाकते. तेच तूप पन्नास भाकऱ्यांना पुसले, तर आजी विचारणार, "तूप लावलंस की नुसता हात फिरवलास?" तसेच हे. १७८१ साली पिएर मेशँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने ही दीर्घिका शोधली, तेव्हा त्यालाही ती फार अंधूक वाटली होती. त्याच्या मित्राने, शार्ल मेसिएने, ती आपल्या यादीत घातली. म्हणून ती 'एम' १०१.

शनिवारी रात्री आम्ही जय्यत तयारी केली. बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधला. (लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, म्हणून.) फळी, कागद, पेन्सिल. आजीने गच्चीवर सतरंजी टाकून दिली. आणि साडेआठला ढग आले. आले ते हललेच नाहीत. दोघेही सतरंजीवर झोपून गेले. भाचीच्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: '२० मे. ढग. काही नाही.'

रविवारी आकाश अर्धेमुर्धे उघडले.

आता जागा कशी शोधायची ते ऐका, कारण ही जागा तुम्हालाही शोधता येईल. उन्हाळ्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षी वर दिसतील. पतंगाचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीच्या टोकाचा तारा मरीची, त्याच्या अलीकडचा वसिष्ठ. वसिष्ठाला चिकटून बारीकशी अरुंधती दिसते, ती दिसली तर डोळे ठीक आहेत असे समजा. आता मरीची आणि वसिष्ठ हे दोन कोपरे धरून ध्रुवताऱ्याच्या बाजूला एक त्रिकोण मनातल्या मनात काढा, तिन्ही बाजू साधारण सारख्या. तिसऱ्या कोपऱ्यावर एम १०१. दुर्बिणीत तिथे जायची पायवाटही आहे. वसिष्ठापासून पूर्वेकडे अंधूक ताऱ्यांची एक वेडीवाकडी ओळ निघते. त्या ताऱ्यांवर पाय ठेवत ठेवत गेले, ओढ्यातल्या दगडांवरून जातो तसे, की दीर्घिकेच्या दाराशी पोचतो.

मी पोचलो. नेत्रिकेला डोळा लावला. काही नाही! मग डोळा जरा बाजूला वळवला, आणि कडेच्या नजरेने पाहिले. हो, आहे. काचेवर कुणीतरी श्वास सोडावा तसा एक पांढुरका डाग. अंधूक गोष्ट सरळ पाहण्यापेक्षा तिरक्या नजरेने चांगली दिसते, कारण मंद प्रकाश ओळखणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी नसून कडेकडेला जास्त असतात. आमच्या भाच्याने ही युक्ती लगेच उचलली. वर्गात कॉपी करणाऱ्यांना ती येतेच, असे त्याची बहीण म्हणाली. मग थोडी मारामारी झाली.

"दिसला! मामा, दिसला! मधोमध डागाच्या बाजूला एक ठिपका!" भाची ओरडली.

मी पाहिले. ठिपका होता खरा. दोघांनी नाचायला सुरुवात केली. मी नकाशा काढला आणि लाल उजेडात पाहू लागलो. काहीतरी जुळत नव्हते. भाचीनेच शेवटी विचारले, "मामा, तुझ्या दुर्बिणीत आरसा आहे ना? मग चित्र उलटं नाही का दिसत?"

छे! इतकी वर्षे दुर्बीण वापरून मी हे विसरलो होतो. आरशाच्या दुर्बिणीत सगळे उलटे दिसते, वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. नकाशा फिरवून डोक्यावर उभा केला. सगळे तारे पटापट जुळले. आणि आमचा ठिपका? तो नकाशावर आधीपासूनच होता. आपल्याच आकाशगंगेतला एक साधासुधा तारा! खिडकीतून लांबचा डोंगर पाहताना काचेवरचा पावसाचा थेंब मध्ये यावा, तसे आपल्या आकाशगंगेतले तारे बाहेरच्या दीर्घिकांवर सांडलेले दिसतात. खऱ्या ठिपक्याची जागा दुसरीकडे होती, दीर्घिकेच्या बाहेरच्या हातावर. आम्ही तिकडे वळलो तोवर ढगाचा एक पट्टा सप्तर्षींवरून सरकला. रात्री बारापर्यंत वाट पाहिली.

वहीतली नोंद: '२१ मे. दिसला असं वाटलं. तो नव्हता.'

मला विचाराल, तर संपूर्ण वहीत मला आवडलेली नोंद हीच. तिने ती खोडली नाही.

मित्रांनो, आता आपण ढग जाईपर्यंत जरा त्या ताऱ्याकडे जाऊन येऊ. लांब आहे, बरं का! तिथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत पोचायला सुमारे २ कोटी १० लाख वर्षे लागली. प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. आपला सह्याद्रीचा काळा दगड मात्र होता. तो लाव्हारसातून थंड होऊन तेव्हाच सुमारे साडेचार कोटी वर्षे झाली होती.

हा तारा तांबडा महाराक्षसी तारा होता. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी तुम्हाला माहीत असेल, त्याच जातीचा. असा तारा सूर्याच्या जागी आणून ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. एवढा मोठा तारा उभा राहतो कशावर? आतल्या भट्टीवर. मध्यभागी अणू एकमेकांत मिसळून जड अणू बनतात, ऊर्जा सुटते, ती बाहेर ढकलते. ताऱ्याचे स्वतःचे वजन आत ओढते. या रस्सीखेचीत तारा टिकून असतो. आधी हायड्रोजन जळतो, तो संपायला कोटीच्या आसपास वर्षे. मग हेलियम. मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन. प्रत्येक सरपण आधीच्यापेक्षा लवकर संपते. शेवटचे सरपण सिलिकॉन, ते पुरते जेमतेम काही दिवस! त्याची राख म्हणजे लोखंड. आणि लोखंड काही केल्या पेटत नाही. त्यातून ऊर्जा मिळत नाही.

मग काय होते? रस्सीखेचीत एका बाजूने रस्सी सोडली तर काय होईल? पृथ्वीएवढा लोखंडी गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो आणि पुण्यासारख्या शहरात मावेल एवढा होतो. त्याच्यावर आदळणारे थर उसळी घेतात, आतून न्यूट्रिनो नावाच्या कणांचा प्रचंड लोंढा त्यांना रेटा देतो, आणि तारा उडतो. पण गंमत अशी, की ताऱ्याच्या पृष्ठभागाला याचा पत्ता लगेच लागत नाही. धक्क्याची लाट मध्यापासून कातडीपर्यंत पोचायला एवढ्या मोठ्या ताऱ्यात काही तास, कधीकधी दिवसभरही लागतो. तोवर बाहेरून पाहणाऱ्याला सगळे आलबेल!

लाट पृष्ठभाग फोडून बाहेर येते तो क्षण शास्त्रज्ञांना सगळ्यात हवा असतो. आणि तोच नेमका हुकतो. कारण सुपरनोव्हा सापडतो तेव्हा तो सहसा कित्येक दिवसांचा झालेला असतो. चोरी झाल्यावर आठवड्याने पोलीस यावेत, तोवर अंगण झाडून सारवूनही झालेले असावे, तशी गत.

या खेपेस तसे झाले नाही. इतागाकींनी तो पाहिला तेव्हा त्याची प्रत १४.९ होती. ('प्रत' म्हणजे तेजस्विता मोजायची पट्टी. ही पट्टी उलटी असते. आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. नुसत्या डोळ्यांना ६ व्या प्रतीपर्यंत दिसते.) बातमी पसरल्यावर पूर्व आशियातल्या हौशी लोकांनी आपापले त्या रात्रीचे फोटो काढून पाहिले. एम १०१ म्हणजे लाडकी दीर्घिका, त्यामुळे फोटो भरपूर! काहींच्या फोटोंत ठिपका नव्हता. काहींच्या फोटोंत अगदी बारीक, लक्षातही न येणारा ठिपका होता. हे फोटो वेळेप्रमाणे ओळीने लावले आणि कळले, की प्रकाशाचा पहिला किरण आपल्याकडच्या १८ मेच्या मध्यरात्रीच्या आसपास पृथ्वीवर पोचला. म्हणजे सापडला तेव्हा सुपरनोव्हा जेमतेम एक दिवसाचा होता. ज्यांच्या फोटोत 'काही नव्हते' त्यांचाही या हिशेबात तेवढाच वाटा आहे. त्यांच्यामुळेच तर 'इथपर्यंत नव्हता' हे ठरले.

त्याचे नाव पडले एसएन २०२३ आयएक्सएफ. नाव म्हणजे गाडीचा नंबर वाटतो ना? पण त्यात हिशेब आहे. त्या वर्षीच्या पहिल्या २६ संशयित ठिपक्यांना ए ते झेड, मग एए, एबी असे करत झेडझेडपर्यंत, मग तीन अक्षरे. आमच्या भाच्याने आंब्याच्या कोयी मांडून हिशेब केला. आय नववे, एक्स चोविसावे, एफ सहावे अक्षर. म्हणून ९ × ६७६, अधिक २४ × २६, अधिक ६. उत्तर तुम्ही काढा. (त्याचे ६,७१४ आले. पहिल्यांदा वेगळे आले होते, पण ते सांगायचे नाही असे ठरले आहे.) म्हणजे मेच्या १९ तारखेपर्यंत त्या वर्षीचे एवढे संशयित जगभरातून नोंदले गेले होते! सगळेच सुपरनोव्हा निघतात असे नाही. आणि त्यातले बहुतेक मोठमोठ्या दुर्बिणींनी आणि संगणकांनी शोधलेले असतात. तरीही भर चौकातला हा एका माणसाने शोधला, याचे मला अजून नवल वाटते.

खबर मिळताच जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. त्यांत आपल्या होत्या. लडाखमध्ये हान्ले नावाचे ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंच. हवा विरळ, कोरडी, आकाश काळेभोर. तिथे २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. नाव 'चंद्र', पण ते चंद्रावरून नव्हे, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. ती चालवतात बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत! शेजारीच ७० सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आहे, भारतीय खगोल भौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांची. आणि वर अवकाशातून आपला 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रह, जो २०१५ साली सोडला होता. त्याने या ताऱ्याचा अतिनील प्रकाश टिपला. तो प्रकाश हवेतून खाली येतच नाही, त्यामुळे तो पाहायला वरच जावे लागते.

या सगळ्यांना काय दिसले? ताऱ्याचा प्रकाश इंद्रधनुष्यासारखा पसरला की त्याला वर्णपट म्हणतात. पहिल्या काही दिवसांच्या वर्णपटात बारीक, तीक्ष्ण, चमकदार रेषा दिसल्या. हायड्रोजनच्या, हेलियमच्या, कार्बन-नायट्रोजनच्या. आठवडाभरात त्या पुसून गेल्या. उशीर झाला असता तर कुणाला कळलेही नसते. या रेषा ताऱ्याच्या नव्हत्याच! त्या होत्या ताऱ्याभोवतीच्या दाट वायूच्या, जो स्फोटाच्या झगमगाटाने उजळला आणि मागून आलेल्या लाटेने गिळला गेला. हा वायू आला कुठून? ताऱ्यानेच टाकलेला. मरणाच्या आधीच्या काही वर्षांत तारा अंगावरचे थर भराभर भिरकावत होता. जुन्या फोटोंत शोधाशोध केली, तर हबल आणि स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींनी पूर्वी काढलेल्या चित्रांत तो ताराही सापडला. धुळीच्या बुरख्यात लपलेला, आणि हजारहून अधिक दिवसांच्या तालावर फुगत-आकसत असलेला.

म्हणजे आजारी माणसाने काही सांगितले नाही, तरी खोलीतल्या औषधांच्या बाटल्यांवरून कळावे, तसे हे कळले. पण इतागाकींना मात्र एकदा खुद्द आजाऱ्यानेच हाक मारली होती! ती हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये यूजीसी ४९०४ नावाच्या एका फिकट दीर्घिकेत त्यांना एक अंधूक ठिपका दिसला. काही दिवस राहिला, विझला. सुपरनोव्हा म्हणावे तर फारच दुबळा. दोन वर्षे गेली. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याच दीर्घिकेत, त्याच जागी, खराखुरा सुपरनोव्हा भडकला, आणि तो शोधणाऱ्यांत इतागाकी पुन्हा होते. आधीचा ठिपका म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याची उबळ होती. दोन वर्षांपूर्वीची एक बारीक चमक त्यांनी नोंदवून ठेवली नसती, तर हे दोन टोक जुळलेच नसते.

आणि हे मोठ्यांचेच काम आहे असे मुळीच समजू नका. कॅनडातली कॅथरिन ऑरोरा ग्रे दहा वर्षांची होती. २ जानेवारी २०११ ला वडिलांबरोबर बसून ती दोन दिवसांपूर्वी काढलेले दीर्घिकांचे फोटो ताडून पाहत होती. यूजीसी ३३७८ या दीर्घिकेत तिला एक जादा ठिपका दिसला. प्रत १७, अंतर सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे. आणि तो सुपरनोव्हा निघाला. 'फरक ओळखा'मध्ये पटाईत असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

बरे, आमची गच्ची.

सोमवार, २२ मे. दुपारी वारा सुटला आणि हवा धुतल्यासारखी झाली. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र झगझगत होता, त्याच्या खाली चंद्रकोर. दहाच्या सुमारास कोर मावळली. वाडीवरची वीजही नेमकी तेव्हाच गेली. एरवी वीज गेली की सगळे वैतागतात, त्या रात्री भाच्याने टाळ्या वाजवल्या.

या वेळी नकाशा आधीच उलटा धरला होता. वसिष्ठ, दगडावर पाऊल, दगडावर पाऊल. तो श्वासासारखा डाग. मी ताऱ्यांची एक छोटी आकृती शोधली, तिच्यावरून पुढची, आणि थांबलो. नकाशावर जिथे कोरा कागद होता, तिथे दुर्बिणीत एक ठिपका होता. तिरक्या नजरेची गरज नाही. सरळ पाहिले तरी दिसत होता. टाचणीच्या टोकाएवढा, शांत.

मी काही बोललो नाही. भाचीला पुढे केले आणि म्हटले, "तू शोध."

ती बराच वेळ पाहत राहिली. नकाशा पाहायची, पुन्हा डोळा लावायची. तिला घाई नव्हती, रविवारचा अनुभव होता. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "मामा, या दोन ताऱ्यांच्या खाली एक आहे, तो कागदावर नाही."

"नक्की?"

"तीनदा पाहिलं."

मग भाच्याची पाळी. त्याला दिसायला वेळ लागला, पण दिसला. तो म्हणाला, "एवढुस्साच?" त्यावर बहिणीने त्याला सांगितले, की हा एवढुस्सा शंभर कोटींहून जास्त सूर्यांएवढा तळपतोय. तो पुन्हा डोळा लावून बसला. मग आजी आल्या. गुडघे दुखतात म्हणून स्टूल आणले. आजींना दीर्घिका काही दिसली नाही, ठिपका मात्र दिसला. "हा गेलेला आहे म्हणतोस?" त्यांनी विचारले. "कधीच," मी म्हटले. त्यांनी नमस्कार केला आणि खाली गेल्या.

मग आम्ही मोजमाप केले. ही पद्धत सोपी आहे आणि कुठल्याही बदलत्या ताऱ्याला चालते. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रती नकाशावर लिहिलेल्या असतात. आपला तारा कुठल्या ताऱ्याहून किंचित तेजस्वी आणि कुठल्या ताऱ्याहून किंचित मंद, ते पाहायचे, आणि मधला आकडा लिहायचा. अट एकच. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहायचे. भाचीने लिहिले ११.३, भाच्याने ११.५. इतका जवळपास आकडा आल्यावर भांडायचे कारणच उरले नाही, याचे दोघांनाही जरा वाईट वाटले.

पुढे आठवडाभर तो हळूहळू चढला, ११ च्या आसपास स्थिरावला. शोध लागला तेव्हापेक्षा सुमारे ३५ पट तेजस्वी! जूनच्या सुरुवातीला चंद्र मोठा झाला आणि दीर्घिका चांदण्यात विरघळून गेली. पण ठिपका तसाच. तूप पसरलेले नव्हते, एका जागी होते, म्हणून. साताऱ्यातल्या एका मित्राने तर दिव्यांच्या उजेडात, शहरातल्या गच्चीवरून, दीर्घिका अजिबात न दिसता सुपरनोव्हा पाहिला. घर दिसत नाही, पण खिडकीतला दिवा दिसतो, तसे.

मग अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठले, ढग आले, आणि शाळाही सुरू होणार होत्या. मुले आपल्या गावी गेली. सुपरनोव्हा आणखी दोन-अडीच महिने बराच तेजस्वी राहिला आणि मग घसरत गेला, पण आम्ही तो पाहू शकलो नाही. आमच्या आणि त्याच्या मध्ये सबंध पावसाळा होता.

पुढच्या उन्हाळ्यात, मे २०२४ मध्ये, भाची पुन्हा आली. दहावीचे वर्ष, क्लास, अभ्यास, फक्त चार दिवस. पहिल्याच रात्री तिने गोणपाट काढले. मला हात लावू दिला नाही. वसिष्ठापासून पायवाट धरून ती स्वतः गेली. जुने रेखाचित्र मांडीवर, लाल बॅटरी तोंडात धरलेली. दहा-पंधरा मिनिटांनी तिने वही उघडली आणि मागच्या वर्षीच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिले:

'एम १०१. आकाश स्वच्छ. दोन ताऱ्यांच्या खालची जागा तीनदा पाहिली. तिथे आता कोणी नाही.'